लाकडाची साल टिकवायची असेल तर काय काय करायचं

साल तशीच ठेवून टेबल किंवा शेल्फ बनवायचं असलं की सगळे आधी विचारतात गम कुठला लावू, पण खरं सांगतो, गमचा नंबर बराच नंतर येतो. साल टिकणार की नाही हे झाड कधी तोडलं त्यावर ठरतं. पालवी फुटत असते, झाड जोरात वाढत असतं तेव्हा साल आणि लाकूड यांच्यामधला थर ओला आणि नाजूक असतो, अशा वेळी तोडलेल्या झाडाची साल वाळताना सुटतेच. वाढ थांबलेली असताना तोडलेलं झाड घ्या, सॉ मिलवाल्याला सरळ विचारा कधी तोडलंय म्हणून, आणि पटाशीच्या (सुताराच्या छिन्नीच्या) मुठीने सालीवर टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर ती फळी सालीसाठी घेऊ नका.

मग वाळवणं, इथे घाई अजिबात नको. दोन्ही टोकांना ऑइलपेंट लावा, फळ्या सावलीत जमिनीपासून वर रचा, मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा म्हणजे हवा खेळते. इंचाला साधारण १ वर्ष धरा, म्हणजे २ इंची फळीला २ वर्षं. उन्हात टाकली की लाकूड भराभर आकसतं आणि साल उचकटते.

किडे हा मोठा प्रॉब्लेम, कारण सालीखालचं पांढरं लाकूड त्यांचं आवडतं खाणं, बारीक पीठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं आत कोणीतरी आहे. १ लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून कडेला ब्रशने दोन-तीनदा भरपूर पाजा, हे पॉलिशच्या आधीच, नंतर आत शिरत नाही, आणि हातमोजे घाला.

आता गम. केसाएवढी फट असेल तर पातळ सुपरग्लू सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. मोठ्या फटीत हळू सेट होणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गम), खालून टेप लावून. साफ करायला नायलॉनचा ब्रश पुरे, तारेचा ब्रश साल खरवडतो. फळी आडवी कापताना करवतीचे दात सालीकडून लाकडात शिरतील असं धरा, उलट धरलं तर साल टवके उडून जाते.

फिनिशला आधी मेण काढलेल्या चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा, म्हणजे शेलॅकचा) पातळ हात द्या, तो सालीत मुरून तिला घट्ट करतो, वर मॅट पीयू (पॉलीयुरेथेन, म्हणजे बिनचमकीचं वॉर्निश). साधा चपडा नको, त्यातल्या मेणावर पीयू नीट धरत नाही.

जेवायच्या टेबलाला मात्र साल ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, हात, कपडे सारखे घासतात आणि कपच्या निघत राहतात. तिथे बोथट पटाशीने साल पूर्ण काढा, खालचा नैसर्गिक वळणाचा काठ तसाच ठेवा आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच फिरवा. साल शोभते ती भिंतीवरच्या शेल्फला, आरशाच्या फ्रेमला.