हाय-फायची ब्लाइंड टेस्ट घरच्या घरी कशी करायची

नवा डॅक (डिजिटल फाइलचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारा डबा) लावला आणि आवाज एकदम खुलला, असं आपल्याला वाटतं. तो खरंच खुलला की खर्च केलाय म्हणून खुलला, ह्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. एक पार्टी म्हणते कान हाच मीटर, दुसरी म्हणते डोळे झाकून ओळखून दाखव. त्यापेक्षा एक दुपार काढा आणि टेस्ट करून टाका, पण नीट करा, कारण अर्धवट ब्लाइंड टेस्ट उघड्या डोळ्यांनी ऐकण्याइतकीच फसवते.

आधी प्रश्न ठरवा. "चांगला कुठला" हे नंतर, आधी "फरक कळतो का" एवढंच. त्यासाठी एबीएक्स: ए आणि बी कुठला ते माहीत असतं, एक्स म्हणजे त्यातलाच लपवलेला एक, तो ओळखायचा.

मग लेव्हल मॅच, म्हणजे दोन्हींचा आवाज सारखाच मोठा करणं. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि बहुतेक जण हेच टाळतात. किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा म्हणून जाणवतच नाही, तो "जास्त डिटेल" किंवा "जास्त दम" म्हणून जाणवतो. दोन्हीकडून एकच टेस्ट टोन वाजवा, १०० हर्ट्झच्या आसपासचा (स्वस्तातले मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतात), मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा आणि दोन्ही रीडिंग एक टक्क्याच्या आत आणा, म्हणजे साधारण ०.१ डेसिबल. प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका, अँप्लिफायर उडेल. मोबाइलच्या अ‍ॅपवर एवढं बारीक जमत नाही. मी एकदा ही पायरी गाळली आणि दोन डॅक १६ पैकी १५ वेळा बरोबर ओळखले, आठवडाभर कॉलर ताठ, मग मीटर लावला तर एक जवळजवळ १ डेसिबल मोठा निघाला. बरोबरीत आणल्यावर स्कोअर ९.

फाइल्स तपासायच्या असतील, समजा मूळ फाइल आणि तिची एमपी३, तर सोपंय, फूबार२००० ह्या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये एबीएक्सचं प्लगइन टाका. फक्त एमपी३ त्याच मूळ फाइलवरून स्वतः बनवा, नाहीतर दोन वेगळे मास्टर (त्याच गाण्याच्या वेगवेगळ्या अंतिम आवृत्त्या) ऐकून फॉरमॅटला शिव्या घालाल.

हार्डवेअरला मात्र माणूस लागतो. त्याने नाणं उडवायचं, कागदावर लिहायचं, वायर बदलायची आणि खोलीबाहेर जायचं, मग तुम्ही आत. बदलायची नसली तरी वायर काढून परत लावायची, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज येत नाही. समोर उभं राहू द्यायचं नाही, कारण चेहरा बोलतो. शंभरएक वर्षांपूर्वी जर्मनीत हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, नंतर कळलं की तो विचारणाऱ्याच्या हालचाली वाचत होता. आपण घोड्यापेक्षा फार वेगळे नाही.

किती वेळा करायचं ते आधीच ठरवा आणि रंगात आलं म्हणून मधेच थांबू नका. १६ वेळा करा, १२ किंवा जास्त बरोबर आले तर काहीतरी ऐकू येतंय, कारण नुसत्या अंदाजाने तेवढे यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. १० पैकी ७ वर नाचू नका, नाणेफेकीनेही सहातून एकदा तेवढे येतात.

"दडपणाखाली, तुकडे ऐकून काय कळणार" ही ऐकणाऱ्या पार्टीची तक्रार मला पटते. पण एबीएक्सला वेळेची अट कुठेय? आवडीचं गाणं लावा, चहा घ्या, दिवसाला एकच ट्रायल करा. बारीक फरक मात्र पटापट बदलूनच सापडतो, आवाजाची नेमकी आठवण काही सेकंदच टिकते.

१६ पैकी ८ आले तर दोन्ही सारखे असं सिद्ध होत नाही, तुम्हाला ह्यावेळी फरक कळला नाही एवढंच. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी एसएसीडीचा (सीडीपेक्षा वरच्या दर्जाची डिस्क) आवाज थेट आणि सीडीच्या दर्जाला उतरवून असा ऐकवला, ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे निम्मेच.

स्पीकरचं गणित वेगळं, तिथे फरक कुणालाही कळतो, त्यामुळे एबीएक्स नको, थेट पसंतीचे मार्क द्या. पण तेही पातळ पडद्याआडून, कारण टूल आणि ऑलिव्ह यांच्या १९९४ च्या प्रयोगात स्पीकर दिसल्यावर लोकांचे मार्क बदलले होते. आणि प्रत्येक स्पीकर त्याच जागी ठेवा, फूटभर सरकला तरी बास बदलतो, मग तुम्ही खोलीला मार्क देत बसता.