पुढची जीटी ९११ कशी असेल? अंदाज नीट बांधायची रीत

पोर्शे ९११ची नवी पिढी आली की तिची सर्वात कडक आवृत्ती कशी निघेल, यावर तर्क सुरू होतात. त्यातले बहुतेक तर्क कुणीतरी संगणकावर रंगवलेल्या चित्रांवर उभे असतात. ती चित्रं आधी बाजूला ठेवा. ती काढणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त काही ठाऊक नसतं.

१. तारखा मांडा. ९९७, ९९१, ९९२ ही ९११च्या पिढ्यांची नावं. जीटी३ म्हणजे ट्रॅकसाठी कडक केलेली, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) नसलेली ९११, आणि आरएस म्हणजे तिची आणखी कडक आवृत्ती. ९९१ पिढीत जीटी३ आली २०१३ला, जीटी३ आरएस २०१५ला. सुधारित जीटी३ २०१७ला, तिची आरएस २०१८ला. ९९२ची जीटी३ फेब्रुवारी २०२१मध्ये, आरएस ऑगस्ट २०२२मध्ये. म्हणजे जीटी३नंतर वर्ष-दोन वर्षांत आरएस.

२. ताकदीचा हिशेब करा. याच तीन जोड्यांमध्ये ताकद ४७५वरून ५००, ५००वरून ५२० आणि ५१०वरून ५२५ अश्वशक्ती झाली. बिनटर्बोच्या इंजिनात वाढ अशी पंधरा-पंचवीसचीच असते. पुढच्या आरएसला टर्बोशिवाय ६०० मिळतील असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, पुढे चला. जीटी२ आरएस म्हणजे टर्बो असलेली सर्वात कडक ९११. तिच्यासाठी मात्र टर्बो एस या टर्बोवाल्या ९११पासून मोजा. ९९७मध्ये ५३०वरून ६२०, ९९१मध्ये ५८०वरून ७००. २०२५ची टर्बो एस हायब्रिड आहे आणि ७११ अश्वशक्तीची आहे. बेरीज तुम्हीच करा.

३. बाजारात येण्याआधी रस्त्यावर फिरवल्या जाणाऱ्या चाचणीच्या गाड्यांचे फोटो बघा, पण मागच्या चाकांपुढच्या खाचांवर जाऊ नका. ‘खाच दिसली, म्हणजे टर्बो’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. ९९१च्या जीटी३ आरएसला टर्बोचं रुंद अंग आणि त्याच खाचा होत्या, इंजिन मात्र बिनटर्बोचं. त्या खाचांतून इंजिनाला हवा जायची. ९९२च्या आरएसलाही खाचा आहेत, पण तिथे त्या फक्त वायुप्रवाहासाठी आहेत. इंजिन श्वास घेतं ते मागच्या झाकणातून. काचेवरचा गोल पिवळा स्टिकर मात्र जरूर शोधा. गाडीत उच्च दाबाची वीज आहे हे मदत पथकाला कळावं म्हणून तो लावतात.

४. टर्बो आहे की नाही हे ओळखायला इंजिनाचा आवाज मोजा. खरं काम इथे आहे, आणि मी सर्वात जास्त चुकलो तेही इथेच.

सहा सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला तीनदा पेटतं. ९,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे सेकंदाला १५० फेरे, म्हणून ४५० हर्ट्झ (सेकंदाला कंपनं). ७,५०० आरपीएम असतील तर ३७५ हर्ट्झ. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कोणते सूर किती जोरात आहेत ते, दाखवणारं ॲप घ्या आणि जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकवरच्या चाचणीच्या व्हिडिओतली सर्वात ठळक रेघ वाचा. घरी पेटी असेल तर त्याहून सोपं: ३७५ म्हणजे जवळपास काळी तीन, ४५० म्हणजे पांढरी सहाच्या किंचित वर. जीटी३ ९,०००पर्यंत फिरते, टर्बोची इंजिनं त्याच्या बरीच आधी थांबतात. या दोन सुरांमधलं अंतर म्हणजेच तुमचं उत्तर.

एकदा मला एका व्हिडिओत स्पष्ट ४४८ हर्ट्झ दिसले. मी मित्रांना छातीठोकपणे सांगितलं, टर्बो नाही. गाडी टर्बोची निघाली. चूक गणिताची नव्हती, मी मोजायची जागा चुकलो होतो. गाडी कॅमेऱ्याकडे येत होती. ताशी २०० किलोमीटर वेगाने अंगावर येणाऱ्या गाडीचा सूर सुमारे १९ टक्के चढा ऐकू येतो, दूर जाताना सुमारे १४ टक्के उतरतो. ३७५ हर्ट्झचा सूर येताना ४४७ होतो. काळी तीनची थेट पांढरी सहा! म्हणून येतानाचा आकडा एकटा कधीही वापरू नका. ज्या व्हिडिओत गाडी फक्त येताना दिसते, तो टाकून द्या, कितीही स्वच्छ असला तरी.

येतानाचा आणि जातानाचा असे दोन्ही आकडे घ्या, त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. ४४७ आणि ३२३चं वर्गमूळ ३८० येतं, म्हणजे ७,६०० आरपीएम. शंभराची चूक राहते, ती चालते. अट एकच: कॅमेऱ्यासमोरून जाताना चालकाने गिअर बदललेला नसावा, पायही उचललेला नसावा. सरळ रस्त्याच्या मध्यावरचे व्हिडिओ निवडा. वळणाजवळचे नकोत, तिथे पाय हमखास उचलला जातो.

आकडा अगदी निम्मा, म्हणजे २००च्या आसपास आला तर घाबरू नका. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन सिलिंडरांचा धूर वेगळा बाहेर पडत असेल, तर निम्म्या सुराची रेघही ठळक दिसते. दुप्पट करा. आणि वेगवेगळ्या जागांचे तीन व्हिडिओ जुळल्याशिवाय काहीही जाहीर करू नका.

५. तारीख घालून, टक्क्यांत लिहा. ‘बहुधा’ लिहिलंत तर नंतर तपासता येत नाही. पुढच्या जीटी२ आरएसबद्दल माझ्या वहीत असं आहे: ८००हून जास्त अश्वशक्ती ६५ टक्के, हायब्रिड ७० टक्के, फक्त मागच्या चाकांना ताकद ८० टक्के, हाती गिअर ५ टक्के.