होडीच्या तळाचा रंग पापुद्र्यांनी सुटत असेल तर

मासेमारी बंदी उठली की फायबरची होडी नव्या रंगाने पाण्यात जायची आणि दिवाळीआधीच तळाचे पापुद्रे निघायचे. नव्यासोबत जुना थरही सुटायचा. डोकं फिरलं होतं.

जुना रंग काढताना कोरड्या ग्राइंडरने जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, खड्डे पडले, शिवाय शेवाळरोधक रंगातल्या तांब्याची विषारी धूळ उडाली. हीट गनने फोड आले. मिथिलीन क्लोराइडवाला रिमूव्हर जेलकोटच मऊ करतो, तो फायबरवर नकोच.

जमलं ते असं: छपराखाली होडी घेतली. खाली ताडपत्री, कडा विटांवर उचललेल्या, म्हणजे घाण पाणी खाडीत जात नाही. मास्क, रबरी हातमोजे. तळ भिजवून रुंद स्क्रॅपरने खरवडला; त्याचे कोपरे आधी कानशीने गोल केले, नाहीतर चरे पडतात. मग ठोकळ्याला 80 नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, सतत पाणी मारत घासलं. जेलकोट दिसला की थांबायचं. गोड्या पाण्याने धुतलं. पाणी थेंब न धरता सलग पसरलं, म्हणजे तेलकटपणा गेला. पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर. बोटाचा ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही, तेव्हाच वर शेवाळरोधक रंगाचा हात. प्रायमर कडक झाला तर पुन्हा घासावा लागतो.

खरवड पिशवीत भरून ठेवली. ती जाळू नये.