एरोबॅटिक विमानात जायरो लावताय? या चुका टाळा

विमान सरळ उडत नाही म्हणून जायरो बसवणं, ही आरसी (रेडिओ कंट्रोल) एरोबॅटिक्समधली, म्हणजे मॉडेल विमानाच्या कसरतींमधली, सगळ्यात मोठी चूक. जायरो म्हणजे विमानाचं वळणं-झुकणं ओळखून शेपटीचे आणि पंखांचे हलते पृष्ठभाग आपोआप हलवणारं उपकरण; त्याचं काम वाऱ्याचे झटके सावरण्याचं. सीजी (गुरुत्वमध्य) मागे गेलेला असेल, राइट थ्रस्ट (मोटरचा उजवीकडे दिलेला कल) कमी पडत असेल किंवा नाइफ एजमध्ये (पंख उभे ठेवून कुशीवर उडताना) विमान चाकांच्या बाजूला ओढत असेल, तर जायरो ते दोष फक्त झाकतो. त्यामुळे आधी जायरो बंद ठेवून विमान नीट ट्रिम करा, म्हणजे स्टिक सोडल्यावरही ते सरळ उडेल असं जुळवा. सरळ वर चढताना नाक डावीकडे जातंय का, उलटं उडवताना एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पृष्ठभाग) किती ढकलावा लागतोय, ते बघा. स्पर्धेत उतरायचं असेल तर याला पर्यायच नाही, कारण एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटनेच्या एफ३ए या आरसी एरोबॅटिक्स वर्गात स्थिरतेसाठी जायरो वापरायला मनाई आहे.

दुसरी चूक थेट विमानाच्या जिवावर बेतते: जायरोची दिशा न तपासणं. स्टिकप्रमाणे पृष्ठभाग बरोबर हलतात म्हणून जायरोही बरोबर असेल, असं अजिबात धरू नका. त्याची दिशा वेगळी सेट होते. विमान हातात घ्या आणि शेपूट झटकन वर उचला, एलेव्हेटर वर गेला पाहिजे. उजवा पंख खाली झुकवा, उजवा एलरॉन (पंखावरचा हलता भाग) खाली आणि डावा वर गेला पाहिजे. नाक उजवीकडे फिरवा, रुडर (शेपटीचा उभा हलता भाग) डावीकडे. एकही उलटा निघाला तर उड्डाण नाही. उलटा जायरो प्रत्येक धक्का वाढवतच नेतो.

गेन, म्हणजे जायरो किती जोराने सावरतो ते प्रमाण, जमिनीवर किंवा संथ उडवताना ठरवू नका. वेग दुप्पट झाला की पृष्ठभागावरचा जोर साधारण चौपट होतो, त्यामुळे हॉवरमध्ये (नाक वर करून जागच्या जागी लटकताना) छान वाटलेला गेन खाली झेपावताना शेपूट थरथरवतो. थरथर दिसली की आधी थ्रॉटल कमी करा, मग जायरो बंद. त्यासाठी गेन स्विचवर किंवा स्लायडरवर हवाच. गेन कमी करूनही थरथर राहिली, तर सर्व्हो आर्म (सर्व्हो मोटरची दांडी), क्लेव्हिस (जोडणीचा चिमटा) आणि बिजागऱ्यांमधला ढिलेपणा शोधा.

हेडिंग होल्ड मोडमध्ये, म्हणजे जायरो विमानाची स्थिती धरून ठेवतो त्या मोडमध्ये, ट्रिमला हात लावू नका. ट्रिम सरकवली की जायरो तो 'फिर' असा हुकूम समजतो आणि विमान हळूहळू फिरतच राहतं. ट्रिम करायची ती जायरो बंद असताना. उतरतानाही होल्ड नको. वेग कमी होतो तसा जायरो नाक धरून ठेवायला एलेव्हेटर वाढवत जातो, नाक खाली पडून मिळणारी सूचना मिळत नाही आणि विमान एकदम स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून पडतं. स्नॅप रोल आणि स्पिन या झपाट्याने गरगर फिरायच्या कसरतींच्या वेळी गेन उतरवलेलाच बरा, नाहीतर जायरो त्या फिरण्यालाच विरोध करतो.

बसवताना जायरो विमानाच्या अक्षांना समांतर, घट्ट आणि मोटरच्या कंपनांपासून दूर असावा, वायर ताणलेली नको. बॅटरी जोडल्यावर तो तयार होईपर्यंत विमानाला हात लावू नका. वारा जोराचा असेल तर कोणाला तरी विमान धरून न ठेवता आडोशाला ठेवायला सांगा.