धास्ती बसली असेल, तर साखरझोप मोडू नका

गाडीवरून पडलात, हाड जुळलं, डॉक्टरांनी चालवायची परवानगीही दिली. पण किल्ली हातात घेतली की छातीत धडधडतं. अशी धास्ती थोडं थोडं पुन्हा गाडीजवळ जाऊनच उतरते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या रात्रीच्या झोपेकडे मात्र कुणी बघत नाही, आणि दिवसभराची कमाई तिथेच गळते.

भीतीची आठवण पुसली जात नाही. 'गाडी म्हणजे धोका' या जुन्या नोंदीशेजारी 'आज बसलो, काही झालं नाही' अशी नवी नोंद होते आणि ती जुनीला दाबून धरते. ही नवी नोंद सुरुवातीला कच्ची असते. ती पक्की होण्यात झोपेचा, त्यातही ठळक स्वप्नं पडतात त्या आरईएम झोपेचा, मोठा हात आहे. आरईएम साधारण दर ९० मिनिटांनी येते: पहिल्या फेरीत जेमतेम काही मिनिटं, पहाटे मात्र बराच वेळ. आपण जिला साखरझोप म्हणतो, ती बरीचशी हीच. सहाऐवजी चारला उठलात तर झोप दोनच तास कमी होते, पण आरईएमचा मोठा वाटा जातो.

जागरणाचा दुसरा तोटाही आहे. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागवलेल्या तरुणांना भेसूर चित्रं दाखवली. भीतीची घंटा वाजवणारा मेंदूचा भाग, अमिग्डला, झोप झालेल्यांपेक्षा त्यांच्यात सुमारे ६० टक्के जास्त उसळला. म्हणून रात्र खराब गेली असेल, तर त्या दिवशी नवी पायरी चढू नका.

सराव असा करा. पहिल्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद. हेल्मेट घालून नुसतं बसा. भीतीला ० ते १० गुण द्या. ७ वरून ३-४ वर येईपर्यंत उतरू नका. अर्धा तासही लागेल. भीती चढलेली असताना उतरलात, तर मेंदू 'उतरलो म्हणून वाचलो' एवढंच शिकतो. ही पायरी सोपी वाटली की इंजिन सुरू करून बसा, मग सोसायटीच्या आवारात फेरी, मग शांत गल्ली.

त्या रात्री दारू नको. तिने डोळा लवकर लागतो, पण आरईएम दबते आणि उत्तररात्री झोप तुटते. कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, तेव्हा शेवटचा चहा दुपारी दोनपर्यंत. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा. वीसेक मिनिटं नुसती कूस बदलत पडलात असं वाटलं तर उठा, मंद दिव्यात बसा, पेंग आल्यावरच परत या. घड्याळ मात्र पाहू नका. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. त्यांतल्या काही या शिकण्याच्या आड येतात, म्हणून सरावाबद्दल डॉक्टरांना सांगा. जोरात घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असेल तर तेही सांगा, कारण हा त्रास आरईएममध्येच अनेकदा वाढतो.

तेच ते स्वप्न दचकवून उठवत असेल, तर ते दिवसा बदला. ट्रक अंगावर येतो ना? कागदावर लिहा: ट्रक लांबच थांबतो, चालक हात दाखवतो, तुम्ही वळून उसाच्या कडेकडेने घरी जाता. शेवट तुमच्या पसंतीचा हवा. मूळ स्वप्न पुन्हा आठवत बसायचं नाही. नवंच रोज १० ते २० मिनिटं, डोळे मिटून, चित्र दिसेल असं घोळवायचं. दोन-तीन आठवडे नेटाने करा. फार भयंकर स्वप्न आधी घेऊ नका, हलक्यापासून सुरुवात करा.

अपघाताला महिना उलटूनही जागेपणी तो प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल किंवा तो रस्ताच टाळावासा वाटत असेल, तर एकट्याने रेटू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.