फ्रेंच शिकताना इंग्रजीवर विसंबू नका: या चुका टाळा

फ्रेंचमध्ये 'एव्हाँत्युएलमाँ' असा एक शब्द आहे. तो वाचून इंग्रजीतला 'इव्हेंच्युअली' आठवला, तर तिथेच थांबा. इंग्रजी शब्दाचा अर्थ 'अखेरीस'. फ्रेंच शब्दाचा अर्थ 'झालंच तर, गरज पडली तर'. म्हणजे ती गोष्ट होईल किंवा होणारही नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या करारपत्राचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं. मूळ मजकुरात पुरवठादार यंत्राचे सुटे भाग 'एव्हाँत्युएलमाँ' बदलून देणार होता. भाषांतरात तो ते 'अखेरीस बदलून देईल' असं झालं होतं. कच्चा मसुदा आधीच कारखान्यात पोचला होता आणि त्या भरवशावर त्यांनी सुट्या भागांसाठी पैसे बाजूला ठेवलेच नव्हते. भाषांतर करणाऱ्या मुलीचं फ्रेंच चांगलं होतं. शब्द ओळखीचा वाटला म्हणून तिने कोश उघडला नाही, एवढंच. मला अशा ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचीच जास्त धास्ती असते.

'आक्त्युएलमाँ' म्हणजे 'सध्या'. इंग्रजी 'ॲक्च्युअली'सारखं 'खरं तर' नव्हे.

'लिब्रेरी' हे पुस्तकांचं दुकान. वाचनालय म्हणजे 'बिब्लिओतेक'.

'दमाँदे' म्हणजे विचारणं, मागणं. त्यात इंग्रजी 'डिमांड'चा जोर नाही.

जॅमच्या बाटलीवर 'प्रिझर्व्हेटिव्ह', म्हणजे टिकवणारा पदार्थ, पाहायचा तर 'कोंसेर्व्हातर' शोधा. 'प्रेझर्व्हातीफ' म्हणजे निरोध.

आकड्यांत घाई करूच नका. 1961 च्या फ्रेंच सरकारी आदेशानुसार 'बिलियों' म्हणजे एकावर 12 शून्यं. इंग्रजीतलं बिलियन, म्हणजे आपलं अब्ज, त्याला फ्रेंचमध्ये 'मिलियार' म्हणतात.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी चूक. आपली मुलं फ्रेंच शिकतात ती इंग्रजीतून, आणि मराठी वर्गाबाहेर ठेवून येतात. 'उई जूर' म्हणजे शब्दशः आठ दिवस, अर्थ एक आठवडा. 'कँझ जूर' म्हणजे शब्दशः पंधरा दिवस, अर्थ दोन आठवडे. माझ्या एका विद्यार्थ्याने बोटांवर आठ दिवस मोजून पत्रात एक दिवस पुढची तारीख घातली. 'आठ दिवसांनी या' हे तो लहानपणापासून घरात ऐकत आलाय! 'त्यू' आणि 'व्हू' मधला फरक इंग्रजीतून समजावताना घाम फुटतो. मराठीत तू आणि तुम्ही म्हटलं की संपलं. 'साव्हवार' म्हणजे माहीत असणं, 'कोनेत्र' म्हणजे ओळखणं. इंग्रजीत दोन्हींना एकच 'नो'. 'ल लिव्र म प्ले' या वाक्याचा तर क्रमसुद्धा आपलाच: पुस्तक मला आवडतं.

महिन्याभरात फ्रेंच बोलायचं म्हणून सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांना मी आधी ती यादी बंद करायला सांगते. माझ्या वहीत डावीकडे अख्खं फ्रेंच वाक्य असतं, उजवीकडे मराठी. इंग्रजीला रकाना नाही. अडलं की फ्रेंच-फ्रेंच कोश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक वाचन. करारपत्र असेल तर 'एव्हाँत्युएलमाँ'भोवती मी आजही पेन्सिलीने गोल काढते.