गोठ्यातली फटफटी विकायला काढताय? आधी एवढं करून ठेवा

पहिली गोष्ट, रंग मारू नका. पुण्या-मुंबईचा जुन्या गाड्यांचा शौकीन वऱ्हाडातल्या खेड्यात गाडी शोधत येतो तो इथला पत्रा पाहून. समुद्राची खारी हवा नसल्याने गंज कमी खातो. टाकीवरचा मूळ रंग उडालेला असला तरी तालुक्याच्या पेंटरने मारलेल्या चकचकीत लाल रंगापेक्षा तो त्याला प्यारा. ओलं फडकं फिरवा, बस्स. कुटाराच्या (भुश्याच्या) ढिगाशेजारी गाडी उभी असेल तर सीटखाली उंदरांनी बिऱ्हाड केलेलंच असतं, तेवढं काढा. कुरतडलेली वायर मात्र टेप गुंडाळून लपवू नका.

मग माळा, कोठार धुंडाळा. कधीकाळी काढून ठेवलेला मूळ सायलेन्सर, हॉर्न, पाना-पक्कडची थैली, जुनी नंबरप्लेट, जे सापडेल ते एका पोत्यात भरा. भंगारवाल्याला किलोवर जाणारं हेच सामान इथे भाव चढवतं.

आता खरी डोकेदुखी, कागदं. गाडी आजोबांच्या नावावर आणि आजोबा कधीचेच गेलेले, हे घरोघरी. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. आत्याबाईंची सही आधीच घ्या. भाव कळल्यावर ती महाग पडते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते थकलं असेल तर फी, दंड, पर्यावरण कर मिळून किती होतात ते आरटीओत विचारून या, कारण घेणारा तेवढे भावातून कापणारच. आरसी बुक हाताने लिहिलेलं असेल तर नोंद संगणकावर चढली आहे का, तेही तिथेच बघा.

चासी नंबर कोरलेली जागा शोधून रॉकेलच्या चिंधीने पुसा. पॉलिश पेपर अजिबात नाही. अंक घासलेला दिसला की चोरीचा संशय येतो. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की अंक उमटतात. ते आरसीशी एकेक करून जुळवा, इंजिन नंबरही तसाच. कारकुनाच्या हातून ३ चा ८ झालेला असू शकतो. जीप किंवा अम्बॅसिडर असेल आणि पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं असेल, तर ती नोंद आरसीवर हवीच.

गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनी तिला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो. फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. माझं मत विचाराल तर हा खर्च घेणाऱ्यावर सोडा. १९७८ पासून आलेल्या येझदी रोडकिंग फटफटीला तसंही अजून थांबावंच लागेल.

इंजिन फिरतं का ते दाखवता आलं पाहिजे. जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं, टाकी आतून गंजते, जुनं रबर फुगतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग किक हातानेच हळू दाबून बघा. जावा-येझदीत गिअरचीच दांडी आत दाबून वर फिरवली की किक होते. नव्या पोराला हे ठाऊक नसतं, तो जोर लावून मोडून ठेवतो. ढकलून सुरू करायचा आग्रह धरू नका.

पैशाचं सांगतो. बयाणा पाठवतो म्हणून कोणी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही. बडनेऱ्याहून किंवा वर्ध्याहून रेल्वे पार्सलने पाठवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि आरसीची झेरॉक्स सोबत ठेवा.